न ऐकलेलं वाक्य: डंडीतल्या एका पहिल्या रहस्यकादंबरीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये पहिली रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याला आधीच भरलेल्या खोलीत शिरावं लागतं. 1977 साली विल्यम मॅकिल्व्हॅनी यांचा लेडलॉ ग्लासगोच्या रस्त्यांवर उतरला आणि 1987 साली इयन रँकिन यांचा रीबस एडिंबरात. या दोघांनंतर स्वतःशीच भांडणारा, वरिष्ठांना न जुमानणारा, घरी एकटा असणारा स्कॉटिश पोलीस अधिकारी हा वाचकांचा नेहमीचा पाहुणा झाला. अ‍ॅबर्डीनपासून शेटलंडच्या बेटांपर्यंत जवळपास प्रत्येक भागाला आपापला डिटेक्टिव्ह मिळाला आहे. स्टर्लिंगमध्ये 2012 पासून दर सप्टेंबरात या साहित्याचा उत्सव भरतो आणि तिथे पहिल्या पुस्तकासाठी वेगळा पुरस्कारही आहे. वाचक भरपूर आहेत, प्रकाशकही आहेत. पण ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न इथल्या नवोदिताला जितक्या लवकर विचारला जातो तितका क्वचितच कुठे विचारला जात असेल.

हे प्रकरण अशा एका नवोदित लेखिकेचं आहे. ती डंडीची. आयुष्यभर घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करणारी नर्स होती आणि पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसली. मी तिच्याच लेखन-गटातली, तिच्या हस्तलिखिताच्या पहिल्या वाचकांपैकी एक. हे तिच्या परवानगीने लिहिते आहे, पण तिचं, पुस्तकाचं आणि पात्रांचं नाव देणार नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. शहर, कायदा आणि तारखा मात्र खऱ्या आहेत, कारण त्यांच्याशिवाय या प्रकरणाला अर्थच उरत नाही.

डंडीबद्दल थोडं सांगायला हवं. टे नदीच्या मुखाशी, लॉ नावाच्या टेकडीच्या उतारावर वसलेलं हे शहर एकोणिसाव्या शतकात तागावर जगलं. बंगालचा कच्चा ताग इथे यायचा, देवमाशाच्या तेलात मऊ केला जायचा आणि त्याची पोती जगभर जायची. गिरणीत बहुसंख्य कामगार बाया होत्या. मागांचा आवाज इतका की शेजारी उभ्या बाईशीही ओठ वाचून आणि हातवारे करूनच बोलावं लागे. पुढे गिरण्या बंद पडल्या. त्या बायांना आलेलं बहिरेपण आणि ओठ वाचायची सवय मात्र घरात राहिली. लेखिकेची आजी अशीच होती. पहिल्या खर्ड्यात ती आजी इन्स्पेक्टरची आजी म्हणून दोन पानांपुरती आली होती. तेव्हा ती पानं कोणालाच महत्त्वाची वाटली नव्हती.

अडचण

पहिला खर्डा वर्तमानकाळात घडत होता. हिलटाउनच्या चढावरच्या एका उंच इमारतीत पहारेकऱ्याचा खून होतो आणि तपास एका डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टरकडे येतो. हा इन्स्पेक्टर घटस्फोटित, मुलगी बोलत नाही, टेबलाच्या खणात व्हिस्की, रात्री झोप नाही. शहराचं वर्णन उत्तम होतं, संवाद अस्सल होते, खुनामागचं कारणही पटणारं होतं. लेखिकेने हा खर्डा लंडन आणि एडिंबरातल्या एजंटांकडे, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणाऱ्यांकडे पाठवला. इथली पद्धत अशी की पत्र, कथासार आणि पहिली तीन प्रकरणं पाठवायची आणि वाट पाहायची. बहुतेकांचे ठरावीक नकार आले. दोघांनी मात्र वेळ काढून लिहिलं, आणि दोघांचं म्हणणं एकच होतं: शहर आवडलं, माणूस ओळखीचा वाटला.

‘ओळखीचा’ हा इथे दोष होता. गटातही तेच बोललं गेलं. इन्स्पेक्टरचं दुःख खरं होतं, लेखिकेने अशी माणसं आयुष्यभर पाहिली होती, पण त्या दुःखाचा तपासाशी संबंध नव्हता. तो प्यायला नसता तरी खुनी त्याच पानावर सापडला असता. दुःख हे पात्राच्या अंगावर घातलेल्या कोटासारखं होतं, काढून खुंटीला लावलं तरी कथानकाला थंडी वाजत नव्हती. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. ‘त्रासलेला डिटेक्टिव्ह’ हा साचा थकलेला नाही. तो त्रास कामाच्या आड येत नाही, पुराव्याच्या, साक्षीच्या, निर्णयाच्या मध्ये उभा राहत नाही, तेव्हा थकवा येतो तो वाचकाला.

दुसरी अडचण कायद्याची होती आणि ती लेखिकेला स्वतःला दिसलीच नव्हती. तिच्या कादंबरीत कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी होता. स्कॉटलंडमध्ये कॉरोनर नसतो. संशयास्पद मृत्यूचा तपास प्रोक्युरेटर फिस्कल या सरकारी वकिलाच्या देखरेखीखाली होतो आणि पोलीस त्याला उत्तरदायी असतात. तिचा इन्स्पेक्टर संशयिताला ‘आत्ता गप्प राहिलात तर पुढे बचावाला बाधा येईल’ अशा अर्थाची ताकीद देत होता. ती ताकीद इंग्लंड आणि वेल्सची, स्कॉटिश ताकिदीत ही अट नाही. सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्याचं नाव इंग्लंडचं होतं. शवविच्छेदन एकच डॉक्टर करत होता, तर स्कॉटलंडमध्ये खुनाचा संशय असेल तिथे दोन डॉक्टर लागतात. जन्मभर स्कॉटलंडमध्ये राहिलेल्या बाईकडून हे कसं झालं, असं वाटेल. टीव्हीवरच्या बहुतेक पोलीसमालिका इंग्लंडमध्ये घडतात आणि कोर्टात न गेलेल्या माणसाची कायद्याची ओळख तिथूनच होते. मुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको, हिंदी सिनेमातलं कोर्ट डोक्यात ठेवून लिहिलेल्या मराठी कथा आपणही वाचल्या आहेत.

समोर असलेले पर्याय

गटात यावर बराच खल झाला.

पहिला पर्याय होता दुःखच काढून टाकायचा. इन्स्पेक्टर सुखी संसारी करायचा, कथानक वेगवान करायचं. लेखिकेने एक प्रकरण तसं लिहूनही पाहिलं. ते सफाईदार झालं आणि निर्जीव झालं. तिची ताकद एकट्या माणसांच्या घरात शिरण्यात होती आणि या पर्यायात तीच खर्ची पडत होती.

दुसरा पर्याय व्यसन बदलण्याचा. दारूऐवजी जुगार, किंवा वेदनाशामक गोळ्या. एका एजंटाने पत्रात हेच सुचवलं होतं, त्यामुळे मोह मोठा होता. मला हा पर्याय सर्वात घातक वाटला. त्यात काम थोडं, समाधान लगेच आणि मूळ दोष जिथल्या तिथे.

तिसरा, निवेदन इन्स्पेक्टरकडून काढून त्याच्या हाताखालच्या महिला कॉन्स्टेबलकडे द्यायचं, म्हणजे वाचक त्याला बाहेरून पाहील. हा खरोखर चांगला पर्याय होता आणि त्यावर एक वेगळी कादंबरी होऊ शकेल असं मला आजही वाटतं.

चौथा पर्याय कोणी मांडला नव्हता, तो एका प्रश्नातून निघाला. कायद्याच्या चुका दुरुस्त करण्यासाठी लेखिकेने ओळखीतल्या एका निवृत्त सरकारी वकिलाला हस्तलिखित दिलं होतं. त्यांनी चुकांची यादी दिली आणि शेवटी विचारलं, की तुमच्या कादंबरीत पुष्टीचा नियम कुठे आहे?

हा नियम स्कॉटिश फौजदारी कायद्याचा कणा आहे. आरोपीला दोषी ठरवायचं तर गुन्ह्याच्या मुख्य बाबींना एकापेक्षा जास्त स्वतंत्र स्रोतांचा पुरावा लागतो. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर, तो कितीही विश्वासू असो, शिक्षा होत नाही. म्हणूनच पोलीस जोडीने जातात, जोडीने जबाब घेतात, आणि शवविच्छेदनालाही दोघे डॉक्टर असतात. आपल्याकडे पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या असतात त्यापेक्षा हा नियम पुष्कळ खोलवर जातो, कारण इथे पुष्टी नसेल तर खटला जूरीपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणजे स्कॉटलंडमध्ये पोलीस अधिकारी हा अर्धा साक्षीदार असतो. दुसरा अर्धा त्याचा जोडीदार. आता त्यातला एक जण असा असेल की ज्याने ते ऐकलंच नाही, तर?

ही जोडणी लेखिकेच्या मनात झाली, आमच्यापैकी कोणाच्याही नाही. ती पुढच्या बैठकीला आली ती आजीची दोन पानं घेऊन. बहिरेपण आजीकडून काढून इन्स्पेक्टरला द्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

काय केलं

नव्या खर्ड्यात इन्स्पेक्टरला ऐकू कमी येतं आणि तो ते लपवतो. त्याला आवाज येतात, शब्द येत नाहीत. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स्वर ऐकू येतात, पण स, फ, थ यांसारखे ध्वनी निसटतात आणि माणूस बोलतोय हे कळूनही काय बोलतोय ते कळत नाही. नर्स म्हणून लेखिकेने हे शेकडो घरांत पाहिलं होतं. अशी माणसं मान हलवतात, हसतात, समोरच्याच्या सुरावरून ‘हो’ की ‘नाही’ ते ठरवतात. आजीकडून शिकलेल्या ओठवाचनावर इन्स्पेक्टर बराच तरून जातो. पण ओठांवर प, ब आणि म एकसारखेच दिसतात, आणि दाढीवाला, मफलर गुंडाळलेला किंवा पाठमोरा माणूस त्याच्यासाठी मुकाच असतो.

या एका बदलाने जुन्या खर्ड्यातलं सामान वेगळ्या अर्थाने कामाला आलं, आणि मला या प्रकरणातला हा सर्वात समृद्ध भाग वाटतो. व्हिस्की गेली, पण संशय राहिला. इन्स्पेक्टर पबमध्ये जाणं टाळतो, कारण गोंगाटात त्याला काहीच कळत नाही. सहकारी समजतात की त्याने दारू सोडली आहे, म्हणजे आधी नक्कीच फार पीत असणार. सकाळच्या बैठकीत तो भलतंच उत्तर देतो, तेव्हा ते एकमेकांकडे पाहतात. साचेबद्ध डिटेक्टिव्ह आता इतरांच्या डोक्यात राहतो आणि खरा माणूस त्याच्या आड लपतो. मुलगी बोलत नाही हेही तसंच राहिलं, फक्त कारण बदललं: ती फोन करते आणि तो फोन घेत नाही, कारण फोनवर ओठ दिसत नाहीत.

कथानकाचा खिळा गाडीतल्या एका प्रसंगात ठोकला गेला. संशयित पोराला ताब्यात घेऊन वेस्ट बेल स्ट्रीटच्या मुख्यालयात नेताना गाडी इन्स्पेक्टर चालवतो. त्या हुद्द्याचा अधिकारी सहसा गाडी चालवत नाही, पण हा चालवतो, कारण चालवणाऱ्याने बोलायची अपेक्षा नसते. मागे संशयिताशेजारी सार्जंट बसलेला. पोलीस ठाण्याच्या दारात सार्जंट म्हणतो, “साहेब, तो बोलला ते ऐकलंत ना?” इन्स्पेक्टर वर्षभर ज्या सवयीने मान हलवतो आहे त्याच सवयीने मान हलवतो. मग सार्जंटच्या वहीतला मजकूर पाहून आपल्या वहीत लिहितो आणि सही करतो. त्या वाक्यात खुन्यालाच माहीत असेल असा तपशील आहे. आता पूर्ण कादंबरीभर प्रश्न एकच: पोरगं ते बोललं होतं का, की सार्जंटने रचलं? आणि इन्स्पेक्टरला हे कोणालाच विचारता येत नाही.

त्यानंतरचा मोठा निर्णय काळाचा. लेखिकेला गाडीतलं ते वाक्य निर्णायक करायचं होतं, पण ठाण्यात घेतलेला ध्वनिमुद्रित जबाब हाताशी असताना गाडीतल्या वाक्याला कोण विचारतो? निवृत्त वकिलांनी 2010 सालाकडे बोट दाखवलं. त्यापूर्वी स्कॉटिश पोलीस संशयिताला सहा तासांपर्यंत वकिलाच्या सल्ल्याशिवाय ताब्यात ठेवून प्रश्न विचारू शकत असत. 26 ऑक्टोबर 2010 रोजी लंडनमधल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅडर खटल्यात ही पद्धत मानवी हक्कांच्या विरुद्ध ठरवली. दुसऱ्याच दिवशी स्कॉटिश संसदेने तातडीचा कायदा केला. अशा जबाबांवर उभे असलेले 800 हून जास्त खटले सरकारी पक्षाला सोडून द्यावे लागले. म्हणजे त्या निकालाआधी ताब्यात घेतलेल्या पोराचा मुद्रित जबाब एका दिवसात निकामी होतो, आणि हाती उरतं ते कोणी न विचारता, स्वतःहून गाडीत बोललेलं एक वाक्य. ते दोघांनी ऐकलेलं असायला हवं.

लेखिकेने आधी अटक ऑक्टोबरमध्येच टाकली. वकिलांनी पुन्हा थांबवलं: त्या वर्षीच्या जुलैपासूनच संशयितांना वकील देऊ करण्याच्या सूचना लॉर्ड अ‍ॅडव्होकेटने, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च सरकारी वकिलाने, पोलिसांना दिल्या होत्या. म्हणून अटक जूनच्या सुरुवातीला गेली. गंभीर खटल्यात आरोपी कोठडीत असेल तर 140 दिवसांत सुनावणी सुरू व्हावी असा स्कॉटलंडचा नियम आहे, त्यामुळे सुनावणीची तारीख आपोआप ऑक्टोबरच्या अखेरीला, निकालाच्या तोंडावर आली. तारखांनी असं जुळून यावं याचा लेखिकेला झालेला आनंद मला अजून आठवतो.

याची किंमतही मोठी होती. जूनमध्ये डंडीत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पहिल्या खर्ड्यातल्या अंधाऱ्या, पावसाळी रात्री निम्म्या कादंबरीतून बाद झाल्या. 2018 साली नदीकाठी उभं राहिलेलं संग्रहालय आणि त्याबरोबरची सारी नवी डंडी गेली. पोलीस स्कॉटलंड हे एकत्रित दल 1 एप्रिल 2013 रोजी आठ प्रादेशिक दलं मिळून झालं, म्हणून आता जुनं टेसाइड पोलीस दल आणावं लागलं. बदल्यात एक देणगी मिळाली: हिलटाउनमधल्या अ‍ॅलेक्झांडर स्ट्रीटवरचे चार उंच मनोरे 2011 साली सुरुंगाने पाडले गेले. 2010 मध्ये ते पाडण्याच्या वाटेवर होते. पहारेकऱ्याच्या खुनाला याहून योग्य जागा मिळाली नसती. शिवाय खटला पुढे ढकलला जाऊन डिसेंबरात आला आणि त्या वर्षीची नोव्हेंबर-अखेरची अतोनात बर्फवृष्टी इथल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. सगळी तोंडं मफलरमध्ये, साडेतीनला अंधार, ओठ कुठेच दिसत नाहीत. हवामान केवळ वातावरणासाठी न येता इन्स्पेक्टरची कोंडी करतं, हे पहिल्या खर्ड्यात कधीच घडलं नव्हतं.

न ऐकलेलं कागदावर कसं दाखवायचं यावर सर्वात जास्त वाद झाला. निवेदन प्रथमपुरुषी होतं. लेखिकेने सुरुवातीला निसटलेल्या शब्दांच्या जागी रिकाम्या जागा सोडल्या. दहा पानांत वाचक वैतागले. मग तिने उलट केलं: इन्स्पेक्टरला जे ऐकू आलं तेच छापायचं, चूक असलं तरी. वाचकाला चूक कळतच नाही, पुढे प्रसंगातून उलगडते. यावर गटातल्या एकाने रास्त आक्षेप घेतला की रहस्यकथेत वाचकाला सगळे दुवे मिळायला हवेत, इथे तर निवेदकच चुकीचे शब्द देतो आहे. मध्यम मार्ग असा निघाला: प्रत्येक चुकीच्या ऐकण्याजवळ एक दृश्य खूण ठेवायची. समोरच्याचा चेहरा, हात, कोणाकडे पाहिलं ते. काळजीपूर्वक वाचणाऱ्याला खरं वाक्य शोधता येईल इतकी. मला हे पुस्तकातलं सर्वात कठीण आणि सर्वात प्रामाणिक काम वाटतं.

बोलीचा निर्णय मात्र झटपट झाला. एजंटांच्या धास्तीने लेखिकेने मधल्या खर्ड्यात डंडीची बोली सौम्य केली होती. 2011 च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं आहे, त्यांच्या देशातल्या कादंबरीत पात्रांनी कुणासाठी बदलून बोलायचं? संवाद बोलीत आणि निवेदन साध्या इंग्रजीत, असं ठरलं.

शेवटावर लेखिका अडली. इन्स्पेक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे, बचाव पक्षाची वकील बाई बोलता बोलता कागदांकडे वळते, तिचे ओठ दिसेनासे होतात आणि त्याला प्रश्न कळत नाही. तिथे तो खरं सांगतो. लेखिकेला त्यानंतर जूरीचा ‘सिद्ध झालं नाही’ हा निकाल हवा होता. दोषी आणि निर्दोष यांच्यामधला हा तिसरा निकाल शतकानुशतकं स्कॉटलंडची खूण होता. 2025 साली संसदेने तो रद्द करणारा कायदा केला, पण 2010 च्या कथेत तो चालला असता. निवृत्त वकिलांचं मत असं पडलं की इन्स्पेक्टरने हात वर केल्यावर जे उरतं ते इतकं थोडं आहे की न्यायाधीश खटला जूरीकडे जाऊच देणार नाहीत. त्यांनी 2007 च्या ‘वर्ल्ड्स एंड’ खटल्याचा दाखला दिला. 1977 साली एडिंबरातून बेपत्ता झालेल्या दोन तरुणींच्या खुनांचा तो खटला न्यायाधीशांनी पुरावा अपुरा म्हणून मध्येच थांबवला होता. पंधरा जणांची जूरी, तिचं बहुमत, श्वास रोखलेली अदालत हे सगळं लेखिकेला सोडावं लागलं. जूरीला खोलीत पाठवलं जातं, वकील कायद्यावर वाद घालतात आणि पोरगं दुपारी मोकळं होतं. नाट्य कमी झालं, पण इन्स्पेक्टरच्या एका वाक्याची किंमत वाचकाला पूर्ण कळते. माझ्या मते तिने योग्य तेच सोडलं.

निष्पत्ती

लंडनच्या एजंटांपैकी कोणीही दुसऱ्यांदा वाचायला तयार झालं नाही. एकदा नाकारलेलं हस्तलिखित सहसा पुन्हा पाहत नाहीत. शेवटी एका छोट्या स्कॉटिश प्रकाशकाने थेट पाठवलेल्या हस्तलिखिताला होकार दिला आणि दोन पुस्तकांचा करार केला. आगाऊ रक्कम माफक होती. संपादकाने एकच मोठी मागणी केली: पोरगं खुनी होतं की नाही ते शेवटी स्पष्ट करावं. लेखिकेने नकार दिला आणि कारण कायद्यातूनच दिलं. 2011 साली स्कॉटलंडने नवा सबळ पुरावा आल्यास सुटलेल्या आरोपीवर पुन्हा खटला चालवू देणारा कायदा केला. ‘वर्ल्ड्स एंड’च्या आरोपीला त्याच कायद्याखाली 2014 साली शिक्षा झाली. उत्तर दुसऱ्या पुस्तकात येऊ शकतं, असं म्हटल्यावर संपादक राजी झाला.

पुस्तक खपाच्या यादीत चढलं नाही. वाचनालयांत मात्र ते सतत बाहेर असतं, आणि लेखिकेला सर्वाधिक पत्रं आली ती कमी ऐकू येणाऱ्या वाचकांची. त्यांतली बरीचशी आपुलकीची होती. काही रागाची होती.

आज करायचं झालं तर

रागाच्या पत्रांचं कारण आधी सांगते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत श्रवणयंत्र मोफत मिळतं. मग हा माणूस ते का लावत नाही? कादंबरीत याचं उत्तर एका ओळीत उरकलं आहे: त्याला ते कोणालाच कळू द्यायचं नाही. लेखिकेला लाज ठाऊक होती, पण बाहेरून, नर्सच्या जागेवरून. स्वतः ऐकू न येणारा एकही वाचक हस्तलिखिताला मिळाला नव्हता. कायद्यासाठी जाणकार शोधला तसाच इथेही शोधायला हवा होता, आणि तोही प्रकाशकाकडे जाण्याआधी. यंत्र घेऊन ते खणात पडू देणं, लावल्यावर भांड्यांचा आणि कागदांचा आवाज असह्य होणं, मीटिंगमध्ये ते शिट्टी वाजवेल ही भीती, हे सारं एका पत्रलेखकाने तिला सविस्तर लिहून कळवलं. पुस्तकाला एक संपूर्ण प्रकरण त्यातून मिळालं असतं.

कायद्याचा वाचकही फार उशिरा आला. तो पहिल्या खर्ड्याआधी आला असता तर एजंटांकडे कच्चं हस्तलिखित गेलं नसतं आणि लंडनचं दार निदान उघडं राहिलं असतं. याबाबत लेखिकेचं मत वेगळं आहे. तिच्या मते नियम आधी कळले असते तर तिने घाबरून लिहिलंच नसतं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरी नवोदिताला सल्ला द्यायचा झाला तर मी पहिला खर्डा मोकळेपणी लिही आणि तो जाणकाराला दाखवल्याशिवाय कुठेही पाठवू नकोस, एवढं नक्की सांगेन.

सार्जंट कच्चा राहिला. त्याने वाक्य रचलं असेल तर का, हे वाचकाला पुरेसं कळत नाही. अर्ध्या साक्षीदारांच्या या कथेत दुसऱ्या अर्ध्याला इतकी कमी पानं मिळावीत हे मला खटकतं. आणि खून झालेला पहारेकरी चौथ्या प्रकरणानंतर जवळजवळ विसरला जातो. त्याची बायको एकदाच येते, बोलते, आणि इन्स्पेक्टरला तिचं बोलणं कळत नाही. प्रसंग प्रभावी आहे, पण त्यामुळे तिचं म्हणणं वाचकापर्यंतही येत नाही.

दुसऱ्या पुस्तकाचं काम सुरू आहे. ते 2011 च्या अखेरीला, नवा कायदा लागू झाल्यानंतर सुरू होतं. सुरुवातीच्या प्रकरणांत इन्स्पेक्टर नाइनवेल्स रुग्णालयाच्या श्रवण-विभागात बसलेला आहे, आणि या वेळी पहिल्या वाचकांत श्रवणयंत्र वापरणारे दोघे जण आहेत. त्यांच्या सूचनेवरून पहिलं प्रकरण आत्ताच नव्याने लिहून झालं आहे.